सवलत दाखवता, मग आधीची किंमतही दाखवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरील ऑनलाइन सवलती एकमेकांना कळवणाऱ्या गटांविषयी, म्हणजे डील-गटांविषयी, मराठी वृत्तपत्रांत जे थोडेफार छापून येते, त्यात बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक, स्वस्तात मोबाइल पदरात पाडून घेण्याच्या युक्त्यांचा. दुसरा, अशा गटांतून होणाऱ्या फसवणुकीबद्दलच्या इशाऱ्याचा. दोन्हींत तथ्य आहे, मात्र या गटांचे मुख्य काम दोन्हींतून निसटते. हे गट किमती लक्षात ठेवतात. एखादा टीव्ही, लॅपटॉप किंवा हेडफोन गेल्या गणपतीत कितीला होता, प्रजासत्ताक दिनाच्या सेलमध्ये कितीपर्यंत उतरला आणि सेलच्या आठवडाभर आधी त्याची किंमत गुपचूप वाढली का, हे विक्रेता आपण होऊन सांगत नाही, कायदा त्याला ते सांगायला लावत नाही आणि वर्षा-दोन वर्षांतून एखादी मोठी वस्तू घेणाऱ्या ग्राहकाने ते एकट्याने टिपून ठेवावे, अशी अपेक्षा करता येत नाही. ही नोंद आज हौशी माणसे फुकट ठेवत आहेत. ती ठेवण्याचे बंधन विक्रेत्यावर असावे, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात सूट मोजायची कशापासून, हा प्रश्न आहे. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, आणि १ जानेवारी २०१८ पासून विक्री संकेतस्थळांवरही ती दाखवावी लागते. ही किंमत म्हणजे कमाल मर्यादा; तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढेच तिचे काम. साबणाच्या वडीच्या बाबतीत ती प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीच्या आसपास असते, म्हणून आपला तिच्यावर विश्वास बसलेला आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत मात्र छापील किंमत आणि बाजारातील रोजची किंमत यांचा संबंध कित्येकदा नावापुरताच उरतो. समजा, एखाद्या ४३ इंची टीव्हीची छापील किंमत ४५,००० रुपये आहे आणि तो वर्षभर २३ ते २४ हजारांना विकला जातो आहे. दिवाळीच्या सेलमध्ये तो २२,४९९ रुपयांना ठेवला आणि वर '५० टक्के सूट' असे लिहिले, तर त्यातला एकही आकडा खोटा नाही. तरीही ग्राहकाच्या खिशात उरतात ते जेमतेम पाचशे ते दीड हजार रुपये. डील-गटातील अनुभवी सदस्य म्हणूनच टक्केवारीकडे पाहत नाही. 'याआधी सर्वांत कमी किती होती?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची साधनेही याच मंडळींनी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली. कीपासारख्या सेवा अ‍ॅमेझॉनवरील वस्तूंच्या किमतींचा आलेख दाखवतात. इतर संकेतस्थळांसाठी अशीच काम करणारी अ‍ॅप्स आहेत. पण आलेखाने सगळे कळत नाही. कार्डावरची सूट, कूपन, जुन्या वस्तूच्या बदल्यात मिळणारी रक्कम यांपैकी बरेच काही आलेखात उतरत नाही, आणि विक्रेता बदलला की रेषा एकाएकी खाली येते. त्यामुळे खरी किंमत चर्चेतूनच ठरते.

अशी चांगली चर्चा ज्यांनी कधी वाचलेली नाही, त्यांच्यासाठी तिचे स्वरूप सांगतो. एक जण टीव्हीची लिंक टाकतो. दुसरा लिहितो की दोन महिन्यांपूर्वी अमुक बँकेच्या कार्डावर हाच टीव्ही दीड हजाराने स्वस्त होता. तिसरा विक्रेत्याचे नाव पाहून विचारतो की हा कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, नसेल तर वॉरंटी कोण देणार. चौथ्याच्या लक्षात येते की मॉडेल क्रमांकातील शेवटची दोन अक्षरे वेगळी आहेत, म्हणजे हा मागील वर्षीचा संच आहे आणि त्यात पोर्ट कमी आहेत. पाचवा सांगतो की त्याच्या तालुक्याच्या गावी या कंपनीचे सेवा केंद्र नाही आणि पॅनेल बिघडल्यावर त्याला महिनाभर थांबावे लागले. फ्रिज किंवा एसी असेल तर कोणीतरी हमखास विचारतो की वीजबचतीच्या स्टार लेबलवरचा कालावधी कोणता आहे, कारण तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या निकषांवरचे पाच तारे नव्या निकषांवर तितकेच राहतील असे नाही. स्वस्त चार्जर वा पॉवर बँक असेल तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासून पाहण्याचा सल्ला मिळतो. वापरलेला किंवा दुरुस्त करून विकलेला मोबाइल असेल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर पडताळावा, हेही कोणीतरी लिहितेच. तासाभरात त्या एका लिंकखाली जी माहिती जमा होते, ती दुकानातला विक्रेता देणार नाही आणि संकेतस्थळावरच्या पंचतारांकित अभिप्रायांतूनही मिळणार नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चार दुकाने फिरून, पाचव्यात चौथ्याचा भाव सांगून घासाघीस करणाऱ्या पिढीला यात नवे काही वाटू नये. सामुदायिक खरेदीचा विचारही महाराष्ट्राला परका नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासद कुटुंबांचे संघ करून घाऊक खरेदी आणि वितरण करत आली आहे. ग्राहक एकटा असला की त्याला बाजारात किंमत नसते, हे तिथे पन्नास वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते. डील-गटात माल एकत्र विकत घेतला जात नाही, फक्त माहिती एकत्र होते; मात्र तिचा जोर तेवढाच असतो.

या माहितीचा सर्वांत मोठा उपयोग हिशेबात होतो. 'नो कॉस्ट ईएमआय'चेच उदाहरण घ्या. ३०,००० रुपयांचा फोन सहा हप्त्यांत, दरमहा ५,००० रुपये; वरवर पाहता व्याज शून्य. प्रत्यक्षात बँक व्याज आकारतेच, आणि तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सुरुवातीलाच सूट म्हणून वजा करते. वार्षिक १५ टक्के दर धरला तर सहा महिन्यांचे व्याज साधारण १,२७० रुपये होते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो ग्राहकाच्या माथी येतो. म्हणजे सव्वादोनशेच्या वर रुपये गेले. त्यात बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळवला की फुकटच्या हप्त्यांची किंमत चार-साडेचारशेच्या घरात जाते. रक्कम मोठी नाही, हे मान्य. मात्र ती खरेदीच्या पानावर ठळक दिसत नाही आणि कार्डाच्या बिलात तुकड्यातुकड्याने येते, म्हणून बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. डील-गटातील नवख्या सदस्याला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात कोणीतरी समजावून सांगतो.

दुसरे उदाहरण गेल्या वर्षीचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि एसी यांच्यावरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याच आठवड्यात मोठ्या संकेतस्थळांचे सणासुदीचे सेल सुरू झाले. करासह ४०,००० रुपयांना मिळणारा टीव्ही, विक्रेत्याने स्वतःहून एक रुपयाही न सोडता, केवळ करकपातीमुळे ३६,८७५ रुपयांना मिळायला हवा होता. अशा वेळी किंमत ३६,९९९ दाखवून ती 'महासवलत' म्हणून जाहीर झाली, तर त्यात विक्रेत्याची सवलत किती आणि सरकारने सोडलेला कर किती? मोबाइल आणि लॅपटॉप आधीपासूनच १८ टक्क्यांत होते, त्यामुळे त्यांच्या किमतीतील घट करकपातीच्या खात्यावर मांडता येणार नव्हती. एवढी फोड ग्राहकाला एकट्याने करणे कठीण होते, कारण त्यासाठी २१ सप्टेंबरची किंमत ठाऊक असायला हवी होती.

आता दुसरी बाजू. ज्याला आज सरसकट 'डील ग्रुप' म्हटले जाते, त्यातील पुष्कळ गट मुळात गटच नाहीत. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरील 'लूट' नावाची ती एकतर्फी फलकबाजी असते. चालक लिंक टाकतो, सदस्यांना उत्तर देण्याची सोय नसते, आणि 'दोन मिनिटांत संपणार', 'लगेच घ्या' असा धोशा दिवसभर चालू राहतो. यामागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. प्रत्येक लिंकमध्ये चालकाची खूण असते आणि तिच्यावरून झालेल्या खरेदीवर त्याला दलाली मिळते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत लिंक उघडल्यापासून २४ तासांत ग्राहकाने त्या वस्तूऐवजी दुसरेच काही घेतले, तरी त्यावर दलाली मिळू शकते. नव्व्याण्णव रुपयांच्या केबलच्या किंवा 'एक रुपयात' मिळणाऱ्या कशाच्या तरी लिंका या वाहिन्यांवर इतक्या का असतात, याचा उलगडा इथे होतो. केबल खपली नाही तरी चालते, तुम्ही लिंक उघडणे पुरेसे असते. 'ही किंमत महिन्याभरात तीनदा येऊन गेली, घाई करू नका' हे वाक्य अशा वाहिनीवर वाचायला मिळणार नाही, कारण ते लिहिण्याचे पैसे कोणी देत नाही.

दलाली घेणे हा गुन्हा नाही. सर्व्हरचा खर्च, माणसांचा वेळ कुठून तरी भरून निघायला हवा, आणि सदस्याच्या खिशातून जादा काही जात नसेल तर तक्रारीचे कारण नाही. तक्रार आहे ती लपवाछपवीबद्दल. ऑस्ट्रेलियात २००६ पासून चालणाऱ्या ओझबार्गेन या संकेतस्थळावर दुकानाशी संबंध असणाऱ्याने तो उघड करावा लागतो. टोपणनावाने स्वतःच्याच मालाची भलामण केलेली तिथे खपवून घेतली जात नाही. ब्रिटनमध्ये २००४ पासून असलेल्या हॉटयूकेडील्सवर सदस्यांच्या मतांनुसार प्रत्येक डीलचे 'तापमान' वरखाली होते. न पटलेली डील शून्याखालीही जाते. नापसंती नोंदवण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते, आणि आपल्याकडच्या एकतर्फी वाहिन्यांवर नेमकी तीच नाही. आपल्याकडे कायदा अगदीच मुका आहे असेही नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जून २०२२ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी असलेला आर्थिक संबंध शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करणारा असेल, तर तो उघड करावा लागतो. तसेच ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नचे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन मांडणीचे, जे तेरा प्रकार अधिसूचित झाले, त्यांत खोटी घाई निर्माण करणे आणि जाहिरात वेष पालटून दाखवणे हे दोन्ही आहेत. हे नियम नामांकित अभिनेते आणि मोठी संकेतस्थळे यांच्यापुरतेच आहेत, असा समज करून घेऊन हजारो सदस्यांची वाहिनी चालवणारे मोकळे राहतात, तो समज केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एकदा जाहीरपणे दूर करावा.

सरळसरळ फसवणुकीबद्दल आपल्या दैनिकात वारंवार छापून येतेच, म्हणून येथे थोडक्यात लिहितो. आयफोन पाच हजारांत देणारी, ओळखीच्या संकेतस्थळासारखे दिसणारे पान उघडणारी लिंक ही डील नव्हे, चोरी आहे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितके बरे. चुकीने पडलेल्या किमतीचा फायदा घेण्यासाठी दहा-दहा नग मागवून पुढे विकणारेही या गटांत आहेत. त्यांच्या मागण्या रद्द झाल्यावर ते कायद्याची भाषा बोलू लागतात, त्याची मला गंमत वाटते.

मूळ मागणीकडे येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत, वस्तू ज्या किमतीला सामान्यतः विकली जात होती किंवा जाते, त्या किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणे हा प्रकार स्पष्टपणे आलेला आहे. म्हणजे 'नेहमीची किंमत' ही कल्पना आपल्या कायद्यात आहे. फक्त ती कशी मोजायची, किती दिवसांची धरायची, हे कोठे सांगितलेले नाही, आणि त्यामुळे ती तरतूद सणासुदीच्या सेलपुढे निष्प्रभ ठरते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख आणि पुन्हा केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पण मोजमापच नसेल तर दिशाभूल सिद्ध कशी करणार?

युरोपीय संघाने हे मोजमाप ठरवले आहे. २८ मे २०२२ पासून तिथे लागू झालेल्या नियमानुसार, किंमत कमी केल्याची घोषणा करणाऱ्या विक्रेत्याला आधीची किंमत सांगावी लागते, आणि ती म्हणजे सवलतीपूर्वीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत. सवलत द्यायच्या आठवडाभर आधी भाव चढवण्यात मग अर्थ उरत नाही. यातही पळवाट शोधली गेलीच. जर्मनीतील एका किराणा साखळीने ३० दिवसांतील किमान किंमत बारीक अक्षरात छापली, पण सवलतीची टक्केवारी मात्र त्याहून चढ्या किमतीवरून मोजली. वाद केळी आणि अननसांच्या जाहिरातीवरून होता, तरी तो युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने निकाल दिला की टक्केवारीसुद्धा त्या ३० दिवसांतील किमान किमतीवरूनच मोजली पाहिजे. केळ्यांसाठी हे होऊ शकते, तर चाळीस हजारांच्या टीव्हीसाठी का होऊ नये?

यावर दोन आक्षेप घेतले जातील, याची मला कल्पना आहे. पहिला असा की ऑनलाइन किमती दिवसातून अनेकदा बदलतात, तेव्हा ३० दिवसांचा हिशेब ठेवणे किचकट आहे. ज्या कंपन्या कोणत्या पिनकोडवर कोणत्या तासाला काय दाखवायचे हे ठरवतात, त्यांच्याकडे स्वतःच्याच किमतींची नोंद नसेल, हे पटण्यासारखे नाही. बाहेरचे लोक ती नोंद ठेवू शकतात, हे तर वर सांगितलेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कार्डावरची सूट, कूपन आणि जुन्या वस्तूची अदलाबदल धरून प्रत्येकाची किंमत वेगळी होते, तेव्हा 'किमान किंमत' म्हणायची कोणती? माझ्या मते, कोणतेही विशिष्ट कार्ड, सदस्यत्व किंवा जुनी वस्तू नसताना कोणाही ग्राहकाला ज्या किमतीत वस्तू मिळाली असती, ती. कार्डावरची सूट त्याखाली वेगळी दाखवावी. असे केल्यास 'पासून सुरू' असे लिहून सर्व सवलतींची बेरीज करून काढलेला आकडा ठळक छापण्याची प्रथाही आपोआप उघडी पडेल. छोट्या दुकानदारांना सुरुवातीला यातून वगळण्यास हरकत नाही, कारण त्यांच्याकडे ना तशी यंत्रणा असते ना पानभर जाहिरातींचा खर्च परवडतो. वृत्तपत्रांतून येणाऱ्या पूर्ण पानाच्या जाहिराती मात्र या नियमाच्या कक्षेत हव्यात, आणि यात आपल्या दैनिकाच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे हे जाणूनच मी हे लिहीत आहे.

नियम बदलायला वेळ लागतो. तोवर एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग देशभरातील पाचशेहून अधिक केंद्रांवरून तांदूळ, तूरडाळ, कांदा, बटाटा, तेल अशा ३८ जिन्नसांच्या किमतींवर रोज लक्ष ठेवतो आणि त्यांतील बदल जाहीर करतो. याच विभागाने जास्त खपाचे वीस-पंचवीस टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप, फ्रिज आणि वॉशिंग मशीन निवडून ऑगस्टच्या सुरुवातीपासून दिवाळीपर्यंत त्यांच्या मोठ्या संकेतस्थळांवरील रोजच्या किमती टिपाव्यात आणि सेल सुरू होण्याच्या दिवशी त्या सार्वजनिक कराव्यात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, गावोगाव माणसे पाठवावी लागत नाहीत. किमती संकेतस्थळांवर उघड्याच आहेत. राज्यातील ग्राहक संघटनांनी आणि आपल्यासारख्या दैनिकांनी ही मागणी जुलैच्या आत विभागाकडे पोहोचवली, तर यंदाच्या सेलपूर्वी त्या नोंदी हाती येऊ शकतील.

आपला,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)